शाळेंतील फुटबॉल आणि पंचाचा निवाडा

मुलें खेळूं लागलीं कीं भांडूं लागतात, आणि भांडूं लागलीं कीं निवाडा शोधूं लागतात. आट्यापाट्यांत पाटी धरणाराचा हात लागला कीं नाहीं, हुतूतूंत दम खरोखर सुटला कीं नुसता खोकला आला, विटी झेलली ती जमिनीला टेकण्यापूर्वी कीं नंतर, अशा प्रश्नांवर आमच्या आळींतल्या कित्येक संध्याकाळी खर्ची पडल्या असतील. निवाड्याचे मार्ग ठरलेले असत. पहिला शपथेचा, दुसरा 'डाव पुन्हां' म्हणण्याचा. आणि दोन्ही फसले म्हणजे ज्याची विटी असेल तो ती खिशांत घालून घरीं जाई. ह्या तिन्ही मार्गांत न्यायाधीश म्हणून कोणी तिऱ्हाईत नसे. प्रौढांस हा प्रकार पोरकट वाटतो. परंतु ज्या खेळाचे कायदे आज साऱ्या जगांत एक आहेत व ज्यांत पंचाचा शब्द अखेरचा मानितात, त्या फुटबॉलची वाढहि प्रथम अशाच न्यायाधीशावांचून चाललेल्या भांडणांत झाली, आणि ती बरीचशी शाळांच्या आवारांत झाली.

शाळेच्या सामन्यांत पंचाचे निकाल विचित्र असतात ही तक्रार सर्व देशांत ऐकूं येते. पंच बहुधा शाळेचाच एखादा मास्तर. त्याला नियम अर्धवट ठाऊक, पायांत वहाणा, आणि मन सहा वाजतां सुटणाऱ्या गाडीकडे. त्यामुळें चेंडू रेषेबाहेर गेलेला त्याला दिसत नाहीं व सामना दहा मिनिटें आधींच संपतो, असें म्हणून लोक हंसतात. हंसण्याजोगें त्यांत पुष्कळ आहे. पण जे निकाल इतिहासाच्या आठवणींत राहिले ते केवळ अज्ञानाचे नव्हेत. निकाल देण्याचा अधिकार मुळांत कोणाचा, हेंच ज्या वेळीं अनिश्चित होतें त्या वेळीं निकालहि विचित्र झालेला दिसतो. अशा दोन निकालांची हकीकत येथें सांगावयाची आहे. पहिला इंग्लंडांतील रग्बी गांवच्या शाळेंतला, दुसरा काश्मीरांतील श्रीनगरच्या शाळेंतला. दोहोंत सुमारें सत्तर वर्षांचें अंतर आहे, आणि एकींत न्याय करणारा कोणीच नव्हता, तर दुसरींत एकाच माणसाच्या हातीं सर्व सत्ता होती.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ईटन, हॅरो, विंचेस्टर, रग्बी वगैरे श्रीमंतांच्या मुलांच्या शाळांत फुटबॉल खेळत. पण प्रत्येक शाळेचा फुटबॉल निराळा. लंडनमधल्या चार्टरहाउससारख्या शाळेंत जागा अरुंद व पायाखालीं फरशी, म्हणून चेंडू पायाशीं ठेवून हलके हलके नेण्याची चाल तेथें पडली. रग्बीला विस्तीर्ण हिरवळ होती, म्हणून तेथें झोंबाझोंबीला व एकमेकांच्या अंगावर पडण्याला वाव मिळाला. मास्तरांचा ह्या खेळाशीं कांहीं संबंध नसे. नियम करणारीं मुलें, मोडणारीं मुलें, आणि न्याय करणारींहि मुलेंच. ईटनच्या मुलांनीं १८४७ च्या आपल्या नियमांत प्रत्येक पक्षानें एकेक पंच निवडावा असें ठरविलें. रग्बीच्या मुलांस तेवढीहि गरज भासली नाहीं. त्यांनीं १८४५ सालीं आपले नियम प्रथम कागदावर आणिले. तीन वरिष्ठ विद्यार्थ्यांनीं तें काम केलें, व त्यांतला एक शाळेचे सुप्रसिद्ध हेडमास्तर डॉक्टर टॉमस आर्नल्ड ह्यांचा मुलगा विल्यम हा होता. डॉक्टर वारून त्या वेळीं तीन वर्षें झालीं होतीं. हाच विल्यम पुढें हिंदुस्थानांत आला आणि पंजाबच्या शिक्षणखात्याचा पहिला डायरेक्टर झाला. म्हणजे खेळाचें कलम लिहिणारा हात पुढें शाळांचे हुकूम लिहूं लागला.

त्या नियमांत तंट्याविषयीं एक कलम आहे. दोन्ही पक्षांचे नायक, किंवा त्यांनीं नेमलेले दोन प्रतिनिधि, हेच सर्व तंट्यांचे एकमेव निर्णेते होत, असा त्याचा आशय आहे. वादी आणि प्रतिवादी ह्यांनींच मिळून न्यायासनावर बसावयाचें! कोणत्याहि वकिलास हें कलम वाचून हंसूं येईल. पण तें चालत असे, आणि कां चालत असे हें समजणें कठीण नाहीं. खेळणारीं मुलें एकाच छपराखालीं राहात, एकाच टेबलाशीं जेवीत. आज लबाडीनें मिळविलेला गोल उद्यां सकाळीं न्याहारीच्या वेळीं अंगाशीं येई. जेथें सर्वांना सर्वांचीं तोंडें रोज पाहावयाचीं असतात तेथें तिऱ्हाइताची गरज कमी लागते. आमच्या गांवपंचायतींचें बळहि पुष्कळ अंशीं ह्याच गोष्टींत होतें, आणि जुलूमहि ह्याच गोष्टींत होता.

ह्याच शाळेंत १८२३ सालीं विल्यम वेब एलिस नांवाच्या मुलानें खेळतां खेळतां चेंडू झेलला. झेलण्यास मनाई नव्हती. झेलल्यावर मागें सरावें आणि चेंडूला लाथ मारावी, असा प्रघात होता. एलिसनें तसें न करतां चेंडू काखेंत मारला व थेट प्रतिपक्षाच्या गोलाकडे धांव ठोकली. आणि त्या क्षणीं रग्बी नांवाचा निराळा खेळ जन्मास आला, अशी आख्यायिका आहे. शाळेच्या भिंतींत तिचा शिलालेख बसविलेला आहे, आणि १९८७ पासून ह्या खेळाच्या जागतिक स्पर्धेचा पेला एलिसच्याच नांवानें दिला जातो.

आख्यायिकेचा पुरावा मात्र फार कृश आहे. ती प्रथम छापली गेली १८७६ मध्यें, शाळेच्या मासिकांत. लिहिणारे मॅथ्यू ब्लॉक्सम हे शाळेचे जुने विद्यार्थी व पुराणवस्तूंचे व्यासंगी. पण एलिसची धांव ज्या वर्षीं झाली म्हणतात त्यापूर्वींच ते शाळा सोडून गेलेले होते. प्रथम त्यांनीं साल दिलें १८२४; चार वर्षांनीं पुन्हां लिहितांना तें १८२३ केलें. आणि स्वतः एलिस? तो धर्मोपदेशक होऊन १८७२ सालीं फ्रान्सच्या दक्षिणेस मेंतों येथें वारला. म्हणजे आपण एक खेळ निर्माण केला ही वार्ता त्याच्या कानीं कधीं आली असण्याचा संभवच नाहीं.

१८९५ सालीं शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मंडळानें ह्या गोष्टीची रीतसर चौकशी केली. साक्षीदार सारे पिकलेल्या केसांचे. त्यांपैकीं टॉमस हॅरिस ह्या वृद्ध पाद्रीबुवांनीं सांगितलें, एलिस मला आठवतो. क्रिकेट उत्तम खेळे, पण फुटबॉलमध्यें गैरफायदा घेण्याकडे त्याचा कल आहे असा त्याचा लौकिक होता. चेंडू घेऊन धांवणें त्या काळीं सक्त मना होतें, आणि तसें करणारा दिसला कीं त्याला लाथेनें लोळवा अशी आरोळी उठे, असेंहि ते म्हणाले. 'टॉम ब्राउन'चे कर्ते टॉमस ह्यूज ह्यांची साक्ष तर अधिक बहारीची आहे. ते १८३४ मध्यें शाळेंत आले. चेंडू घेऊन धांवण्याची त्या वर्षीं पूर्ण बंदी नव्हती, परंतु असें धांवतांना एखादा मुलगा मारला गेला असता तर रग्बीच्या पोरांच्या ज्यूरीनें हा वध समर्थनीय असाच निर्णय दिला असता, अशा अर्थाचें त्यांनीं लिहिलें आहे. एलिसविषयीं त्यांच्या वेळीं शाळेंत कांहीं बोलवा नव्हती. एवढें असूनहि मंडळानें एलिसच्याच पदरीं श्रेय घातलें. त्याच वर्षीं उत्तर इंग्लंडांतले क्लब पैशाच्या प्रश्नावरून रग्बी युनियनमधून फुटून निघाले, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे आमचा खेळ आमच्याच शाळेच्या हिरवळीवर, आमच्याच एका मुलाच्या हातून जन्मला असें शिलेवर कोरून ठेवण्याची जुन्या विद्यार्थ्यांस निकड कां वाटली असावी, ह्याचा तर्क करतां येतो.

आम्हांस येथें वेगळाच प्रश्न पडतो. एलिस धांवला असें धरून चालूं. मग निकाल काय झाला? तो गोल धरला कीं नाहीं? त्याला परत बोलाविलें, कीं आरोळीप्रमाणें लोळविलें? ह्याबद्दल एकहि साक्षीदार बोलत नाहीं. शिट्टी नव्हती, पंच नव्हता, निकालाची नोंद करणारा कोणी नव्हता. खरा निकाल लागला तो हळूहळू. १८३८-३९ च्या सुमारास जेम मॅकी नांवाचा एक दांडगा मुलगा शाळेंत होता. तो चेंडू घेऊन धांवूं लागला म्हणजे त्याला अडविणें अवघड जाई, आणि त्याचें पाहून इतरहि धांवूं लागले. शेवटीं १८४१-४२ मध्यें वरिष्ठ मुलांच्या सभेनें धांवण्यास मान्यता दिली, आणि १८४५ मध्यें तें नियमांत आलें. आख्यायिकेचें साल खरें मानलें तर ह्या न्यायालयानें एका अपिलाचा निकाल द्यावयास सुमारें अठरा वर्षें घेतलीं. पण तो निकाल लादलेला नव्हता. ज्यांना तो पाळावयाचा होता त्यांनींच तो दिला होता.

हीं मुलें शाळा सोडून विद्यापीठांत व क्लबांत गेलीं, तेव्हां ही व्यवस्था मोडली. ईटनचा मनुष्य आणि रग्बीचा मनुष्य एका मैदानावर उतरले कीं प्रत्येकाचा धर्म निराळा. २६ ऑक्टोबर १८६३ रोजीं लंडनमध्यें फ्रीमेसन्स टॅव्हर्न येथें फुटबॉल असोसिएशन स्थापन झालें तें ह्यासाठींच. आणि नडगीवर लाथ मारण्याचा हक्क असावा कीं नसावा ह्यावर वाद होऊन डिसेंबरांत ब्लॅकहीथचा क्लब बाहेर पडला. त्या वर्षीं जे तेरा नियम झाले त्यांत पंचाचा उल्लेख कोठेंहि नाहीं. सभ्य गृहस्थ खेळत असतां पंच कशाला, ही समजूत शाळेंतूनच आलेली होती. पुढें पेले आले, पैसे आले, दहा दहा हजार प्रेक्षक आले, आणि समजूत टिकेना. प्रत्येक पक्षाचा एकेक पंच आला; त्या दोघांचें जमेना म्हणून मैदानाबाहेर तिसरा माणूस बसविला, ज्याच्याकडे वाद 'रेफर' करावयाचा तो रेफरी. १८९१ सालीं ह्या तिसऱ्या माणसाला मैदानांत घेतलें, आणि पूर्वींचे दोघे पंच निशाण हातीं घेऊन रेषेवर गेले. त्याच वर्षीं २ जून रोजीं पेनल्टी किकचा नियम मान्य झाला. तो सुचविला होता आयर्लंडांतील मिलफर्ड गांवच्या विल्यम मॅक्रम ह्या गोलरक्षकानें. ज्याच्यावर पेनल्टीचा मारा व्हावयाचा त्यानेंच ती मागून घ्यावी, हें मोठें मौजेचें. जुन्या शाळांच्या सभ्य खेळाडूंस हा नियम आपल्या अब्रूवर घाला वाटला. कारण माणूस मुद्दाम लबाडी करतो हें त्यांत गृहीत धरलेलें होतें.

ज्या वर्षीं इंग्लंडांत रेफरीनें मैदानांत पाऊल टाकलें त्याच वर्षाच्या शरदांत श्रीनगरास एक विलक्षण सामना झाला.

सेसिल टिंडेल-बिस्को हे पाद्री तेथील चर्च मिशन सोसायटीच्या शाळेवर १८९० च्या अखेरीस आले. बांध्यानें लहान, केंब्रिजच्या नावेचें सुकाणूं धरून १८८४ ची ऑक्सफर्डविरुद्धची शर्यत जिंकलेले. शाळेंतले विद्यार्थी बहुतेक काश्मिरी पंडितांचे मुलगे, कित्येक लग्न झालेले, कांहीं चांगले दाढीमिशांचे. पायघोळ फिरन, त्याच्या आंत ऊब घेण्यासाठीं निखाऱ्यांची कांगडी, पायांत लांकडी खडावा, कोणाच्या कानांत सोन्याचीं कुंडलें. अंगमेहनत हलक्या जातीची, आणि धांवणें तर सभ्य माणसाला लाजिरवाणें, अशी त्यांची ठाम समजूत. १८९१ मध्यें बिस्को नवपरिणीत वधूसह श्रीनगरास परतले, तेव्हां त्यांच्या सामानांत एक कातडी फुटबॉल होता. तो त्यांनीं शाळा भरल्यावर मुलांना दाखविला. पुढचा संवाद बिस्कोंनींच नमूद केला आहे. हें काय, तर खेळावयाचा चेंडू. खेळल्यास पैसे मिळतात काय, तर नाहीं. मग आम्ही खेळत नाहीं. तो कशाचा केलेला आहे? चामड्याचा, असें म्हणतांच तो दूर न्या, तो अपवित्र आहे, असा एकच गिल्ला झाला. बिस्कोंनीं उत्तर दिलें कीं हात लावा असें मी म्हणत नाहीं, लाथ मारा म्हणतों. ह्या उत्तरांतला कायदेपंडिती कावा वाचकांच्या ध्यानांत आलाच असेल.

दुपारीं मुलांना मैदानावर नेण्यांत आलें. 'हांकीत नेलें' हा शब्द अधिक बरोबर, कारण मागें काठ्या घेतलेले शिक्षक होते. तमाशा पाहण्यास शहर लोटलें. गोलाचे खांब उभे होते, पक्ष पाडलेले होते, कोणी कोठें उभें राहावयाचें हें सांगून झालें होतें. मधल्या जागीं काळ्या दाढीचा एक पंडित विद्यार्थी चेंडूसमोर उभा केला आणि लाथ मार म्हणून आज्ञा झाली. तो हलेना. बिस्कोंनीं खिशांतून घड्याळ काढलें व पांच मिनिटांची मुदत दिली. नंतर जें होईल तें तुम्हांस आवडणार नाहीं, एवढेंच सांगितलें. मिनिटें सरलीं, सेकंद मोजले गेले, काठ्या वर झाल्या, आणि लाथ बसली. त्यासरशीं एकच धुमाळी उडाली. पागोटीं उडालीं, खडावा निसटल्या, फिरनांत पाय अडकून मुलें एकमेकांवर कोसळलीं. जागा, पक्ष, नियम कोणाला ठाऊक? जो तो चेंडूमागें धांवत सुटला. ज्यांना अर्ध्या तासापूर्वीं धांवणें पाप वाटत होतें ते धांवत होते.

इतक्यांत चेंडू उसळून एका मुलाच्या तोंडावर बसला. चामडें ओठांना लागलें. खेळ जागच्या जागीं थांबला. मुलगा रडूं लागला, भोंवतीं जमलेले त्याचे सोबतीहि रडूं लागले. हा बाटला, आतां ह्याला घरांत कोण घेणार, ह्या भयानें सगळे गांगरून गेले. बिस्कोंसमोर ते आले आणि निवाडा मागूं लागले.

लंडनच्या नियमांत ह्या प्रसंगाला कलम नव्हतें. बिस्को त्या घटकेला हेडमास्तर होते, पाद्री होते, वेळ मोजणारे होते आणि पंचहि होते. आणि असें कांहीं होईल ही कल्पना त्यांनाहि नव्हती. भ्रष्ट होण्याची समजूतच खोटी आहे असें ते म्हणूं शकले असते. पाद्र्याच्या तोंडीं तें शोभलेंहि असतें. खेळ रद्द करूं शकले असते. मग पुन्हां कधीं श्रीनगरांत फुटबॉल झाला असता कीं नाहीं कोण जाणे. त्यांनीं ह्यांतलें कांहींच केलें नाहीं. त्याला पाण्यावर न्या आणि धुऊन आणा, एवढा हुकूम सोडला. मुलें त्याला पाण्यावर घेऊन गेलीं, त्याचें तोंड धुतलें, आणि सारीं परत आलीं. जो तो आपल्या जागीं उभा राहिला आणि खेळ पुढें चालला.

शाळेच्या फुटबॉलमध्यें आजवर दिलेल्या निकालांत ह्याहून विचित्र निकाल आमच्या ऐकिवांत नाहीं; आणि ह्याहून शहाणाहि फारसे नाहींत. पाण्यानें विटाळ जातो हा नियम बिस्कोंचा नव्हे, मुलांचा होता. पंचानें खेळणारांचाच कायदा उचलला आणि त्याच्या जोरावर आपला खेळ चालू ठेविला. मुलाला घरीं सांगावयास मिळालें कीं मी शुद्ध होऊन आलों. शाळेला म्हणावयास मिळालें कीं सामना पुरा झाला. आमच्या आजीबाईंनीं हाच तोडगा सुचविला असता. सोंवळ्यांत शिवाशीव झाली तर अंगावर पाणी घेऊन मोकळें व्हावें, हा महाराष्ट्रांतल्या घरोघरचा रोजचा व्यवहार होता, आणि पाण्याची ही सोय होती म्हणूनच तें सोंवळें इतकीं शतकें चालूं शकलें.

परंतु निवाडा शहाणा म्हणून सामना न्याय्य ठरत नाहीं. काठ्यांचा धाक घालून सुरू केलेल्या खेळाला खेळ म्हणावें काय? रग्बीच्या मुलांनीं आपला निकाल अठरा वर्षें घोळवून आपणच दिला. श्रीनगरच्या मुलांस पांच मिनिटें मिळालीं, तींहि दुसऱ्याच्या घड्याळाचीं. बिस्कोंच्या बाजूनें पुष्कळ बोलतां येतें. तीच मुलें पुढें पोहूं लागलीं, वल्हीं मारूं लागलीं, आगींतून आणि पुरांतून माणसें काढूं लागलीं. तेराव्या वर्षापर्यंत पोहतां न आल्यास फी वाढवावी, असा नियम बिस्कोंनीं केला. त्या कालव्यांच्या शहरांत तो किती मोलाचा होता हें सांगावयास नको. सर्व बाबतींत मर्द व्हा, हें शाळेचें ब्रीद त्यांनीं नुसतें भिंतीवर ठेविलें नाहीं. हें सर्व मान्य करूनहि आमच्या मनांतली एक गोष्ट जात नाहीं. ही सगळी हकीकत आम्हांस ठाऊक आहे ती बिस्कोंच्या लेखणींतून. ती विनोदानें लिहिलेली आहे, आणि वाचतांना हंसूं येतेंच. पण ज्याच्या तोंडावर चेंडू बसला त्या मुलाची बाजू कोठें आहे? त्याला रात्रीं घरांत घेतलें काय? एलिसप्रमाणें तोहि आपल्याच कथेंत मुका राहिला.

आणि ज्या काळीं श्रीनगरांत चामड्याच्या चेंडूवरून हा आकांत झाला, साधारण त्याच काळीं आमच्या पुण्यांत काय चाललें होतें? तेथें चेंडू क्रिकेटचा होता, पण चामड्याचाच. हिंदु क्लबांतले उच्चवर्णीय तरुण तो बिनदिक्कत हातांत घेत. त्यांचा सर्वोत्तम गोलंदाज बाळू पालवणकर हा चांभार समाजांतला. त्यानें टाकलेला चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षकाच्या हातांत विसांवे, आणि तोच चेंडू पुन्हां बाळूच्या हातीं येई. परंतु चहाच्या वेळीं बाळूला मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे. श्रीनगरच्या पोरांचा विटाळ निदान सरळ होता. चामडें अपवित्र म्हणजे सर्वांनाच अपवित्र. पुण्याच्या मैदानावर चामडें पवित्र झालें होतें आणि माणूस तसाच राहिला होता. हा निकाल कोणत्या पंचानें दिला होता?

असो. फुटबॉलचा पंच शाळेंतून बाहेर गेला खरा, पण शाळामास्तरानें त्याचा पिच्छा सोडला नाहीं. १९३८ सालीं ह्या खेळाचे कायदे नव्यानें सुसूत्र लिहिले गेले, ते स्टॅन्ली राउस ह्यांनीं. ते पूर्वीं वॉटफर्डच्या ग्रामर स्कुलांत मास्तर होते आणि १९३४ च्या इंग्लिश कपाच्या अंतिम सामन्याचे रेफरी. १९७० च्या जागतिक स्पर्धेपासून पिवळें आणि लाल पत्र दाखविण्याची रीति पडली. ती सुचली केन ॲस्टन ह्यांना, लंडनच्या रस्त्यांतले रहदारीचे दिवे पाहून. हेहि पूर्व लंडनकडच्या एका शाळेचे हेडमास्तर. मूल कोणत्याहि भाषेचें असो, त्याला एका नजरेंत कळलें पाहिजे, हा धडा त्यांना वर्गांतच मिळाला असला पाहिजे. २०१७ पासून तर कायद्यानें पोरांच्या व हौशी सामन्यांपुरती अशी मुभा दिली कीं अपराध्याला कांहीं मिनिटें बाहेर बसवावें आणि मग परत घ्यावें. जगांतल्या प्रत्येक मास्तरानें प्रत्येक वर्गांत दिलेली ही शिक्षा. तिला कायद्यांत जागा मिळावयास दीडशें वर्षें लागलीं.

उलट, मोठ्यांच्या सामन्यांत शाळकरी निवाडा खपत नाहीं. इंग्लंडांतील स्त्रियांच्या वरिष्ठ स्पर्धेंत २०१८ सालीं एका रेफरीचें नाणें खोलींत राहिलें, म्हणून त्यानें दोन्ही कप्तानांस हातांनीं दगड-कागद-कात्री हा पोरखेळ करावयास लावून बाजू ठरविली. फुटबॉल असोसिएशननें त्याला तीन आठवडे घरीं बसविलें. नाणें उडविलेंच पाहिजे असें कायदा म्हणतो. सामन्याची तारीख होती २६ ऑक्टोबर. असोसिएशनचा तो एकशेंपंचावन्नावा वाढदिवस होता. ज्या संस्थेचे पूर्वज शाळेच्या हिरवळीवर तंटे आपसांत मिटवीत असत, तिनें ह्या प्रसंगीं थोडें हंसून घेतलें असतें तर बिघडलें नसतें.

आजच्या कायद्यांत मात्र एक कलम असें आहे कीं तें वाचतांना श्रीनगरचें तें मैदान डोळ्यांपुढें येतें. खेळाडूच्या अंगांतून रक्त येऊं लागलें तर त्यानें मैदानाबाहेर गेलेंच पाहिजे. रक्त थांबवावें, अंगावरच्या कपड्यांना लागलेलें असल्यास ते बदलावे, आणि पंचाची खात्री पटून त्यानें खूण केल्यावरच आंत यावें. कारण रोगजंतूंचें आहे, विटाळाचें नाहीं; पण बाहेर जा, स्वच्छ हो आणि मग ये, ही आज्ञा तीच. फरक आहे तो एवढाच कीं आज तो खेळाडू बाहेर असतां इतरांचा खेळ त्याच्यावांचून चालूं राहतो. श्रीनगरास तो मुलगा तोंड धुऊन परत येईपर्यंत सगळीं मुलें थांबलीं होतीं.